झोईच्या कायद्याला बारा वर्षे का लागली?

सिडनीत स्थायिक झालेल्या एका वाचकाने तीन प्रश्न एकत्र विचारले आहेत. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स राज्याच्या विधानसभेत २०१३ साली ६३ विरुद्ध २६ मतांनी संमत झालेले, गर्भहानीची कायद्यात वेगळी दखल घेऊ पाहणारे 'झोईचा कायदा' हे विधेयक वरिष्ठ सभागृहात अंतिम मतदानाला न येता कसे बारगळले? प्रत्यक्ष कायदा व्हायला २०२१ साल का उजाडावे लागले? आणि गर्भवती स्त्रीवरील हल्ल्यात किंवा अपघातात पोटातले बाळ दगावले तर भारतीय कायदा काय म्हणतो? सत्र न्यायालयात अनेक वर्षे फौजदारी खटले चालवताना यातल्या तिसऱ्या प्रश्नाशी माझा वारंवार संबंध आला, आणि त्यामुळेच पहिल्या दोन प्रश्नांवरची तिथली चर्चा मी बारकाईने वाचली. लिंगनिदान करून होणारी स्त्रीभ्रूणहत्या हा वेगळा विषय असून त्यासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा आहे. येथे प्रश्न आहे तो स्त्रीच्या इच्छेविरुद्ध, तिसऱ्या व्यक्तीच्या कृत्यामुळे झालेल्या गर्भहानीचा.

या विलंबाला केवळ सरकारी दिरंगाई म्हणता येणार नाही. गर्भ गमावला जातो तेव्हा ती हानी कायद्याने कोणाची मानायची, त्या स्त्रीची की गर्भाची स्वतंत्रपणे, यावर सभागृहात एकमत होत नव्हते; आणि ज्या कायद्यात गर्भपात हा गुन्हा म्हणून लिहिलेला होता, त्याच कायद्यात गर्भाला 'जिवंत व्यक्ती' म्हणणे अनेकांना धोक्याचे वाटत होते. ही अडचण खरी होती. मात्र तिच्याकडे बोट दाखवत, कोणताही वाद न ओढवता करता आली असती अशी कामेही सरकारने सात वर्षे केली नाहीत, आणि तेवढा दोष सरकारच्याच पदरात घालावा लागतो.

मुळापासून पाहू. इंग्लंडच्या परंपरागत कायद्यानुसार बाळ आईच्या शरीरातून पूर्ण बाहेर आले आणि जिवंत होते असे सिद्ध झाल्यावरच मनुष्यवधाचा प्रश्न उपस्थित होतो. न्यू साउथ वेल्सच्या १९०० सालच्या फौजदारी कायद्यातही, कलम २० मध्ये, बाळाने श्वास घेतलेला असणे आणि ते पूर्णपणे जन्मलेले असणे या दोन अटी घातलेल्या आहेत. वैद्यकशास्त्र अप्रगत होते तेव्हा, हल्ल्यापूर्वी गर्भ जिवंत होता की नाही हे कळण्याची सोय नव्हती, म्हणून हा दंडक पुराव्याच्या दृष्टीने सोयीचा होता. सोनोग्राफी आल्यानंतर त्यामागचे ते कारण उरले नाही, पण दंडक तसाच राहिला.

२००१ साली एका रस्त्यावरच्या भांडणातून वाहनचालकाने गर्भवती स्त्रीच्या मोटारीला धडक दिली आणि तिचे बाळ गेले. त्या बाळाच्या मृत्यूबद्दल स्वतंत्र आरोप ठेवता येत नाही हे तेव्हा लोकांच्या प्रथमच ठळकपणे लक्षात आले. सरकारने निवृत्त न्यायमूर्ती मर्विन फिनले यांच्याकडे मनुष्यवधाच्या कायद्याचा आढावा सोपवला आणि त्यांनी २००३ मध्ये अजात बालकाच्या हत्येचा वेगळा गुन्हा निर्माण करावा अशी शिफारस केली. त्याच वर्षी तिथल्या फौजदारी अपील न्यायालयाने किंग खटल्यात वेगळी वाट काढली. आरोपीने गर्भवती स्त्रीच्या पोटावर लाथा मारून गर्भ नष्ट केला होता. खालच्या न्यायालयाने खटलाच थांबवला होता. अपील न्यायालयाने सांगितले की, गर्भ आणि माता यांचे शारीरिक नाते इतके निकटचे आहे की गर्भाचा नाश ही मातेलाच झालेली जबर दुखापत मानता येते. सरकारने फिनले यांची शिफारस बाजूला ठेवून हा निकाल उचलला आणि २००५ मध्ये जबर दुखापतीच्या व्याख्येत, वैद्यकीय प्रक्रिया वगळून, गर्भाच्या नाशाचा समावेश केला. स्त्रीला दुसरी कोणतीही इजा झालेली नसली तरी ही व्याख्या लागू होते. माझ्या मते हा उत्तम दर्जाचा फौजदारी मसुदा होता. त्यात एकच गोष्ट सुटली होती, आणि पुढची सगळी चळवळ त्या सुटलेल्या गोष्टीतून उभी राहिली.

ती गोष्ट २५ डिसेंबर २००९ रोजी उघडी पडली. सिडनीच्या उत्तरेकडच्या सेंट्रल कोस्ट भागात बत्तीस आठवड्यांची गर्भवती स्त्री रस्त्याने चालत असताना अमली पदार्थांच्या अमलाखाली असलेल्या चालकाने तिला धडक दिली. ती वाचली, तिची मुलगी झोई गेली. चालकावर धोकादायक वाहन चालवून जबर दुखापत केल्याचा आरोप ठेवण्यात आला. त्या गुन्ह्याला कमाल शिक्षा सात वर्षे होती; याच प्रकारे कोणाचा मृत्यू घडवला असता तर ती दहा वर्षे झाली असती. परंतु कुटुंबाला सर्वाधिक लागले ते वर्षांमधले अंतर नव्हते. आरोपाच्या कागदात मोडलेल्या हाडांच्या बरोबरीने, मातेला झालेल्या दुखापतींच्या यादीतली एक नोंद एवढेच झोईचे अस्तित्व उरले होते. आणि याच राज्याच्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यानुसार वीस आठवडे पूर्ण झालेल्या किंवा चारशे ग्रॅम वजनाच्या मृतजात बालकाची रीतसर नोंद होते! म्हणजे नोंदणी कार्यालय ज्या बाळाला नावाने ओळखते, त्याला फौजदारी न्यायालयात नाव नव्हते.

सरकारने २०१० मध्ये मायकेल कॅम्पबेल या ज्येष्ठ विधिज्ञांकडून पुन्हा आढावा घेतला. त्यांचा निष्कर्ष असा की २००५ ची व्याख्या पुरेशी आहे, बदलाची गरज नाही. शिक्षेच्या गणितापुरता तो निष्कर्ष चूक नव्हता. मात्र आधीच्या आढाव्याने नवा गुन्हा हवा म्हटले आणि नंतरच्या आढाव्याने नको म्हटले, तर दोहोंतले का स्वीकारले हे सभागृहासमोर सविस्तर मांडणे सरकारचे काम होते. ते न झाल्यामुळे विषय अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या सदस्यांनी मांडलेल्या, विधेयकांच्या हाती गेला.

२०१३ मध्ये दोन विधेयके आली. एक ख्रिश्चन डेमोक्रॅटिक पक्षाचे फ्रेड नाइल यांचे, वरिष्ठ सभागृहात. दुसरे लिबरल पक्षाचे ख्रिस स्पेन्स यांचे, विधानसभेत. नाइल यांची गर्भपाताविरोधातली भूमिका सर्वांना माहीत होती, आणि झोईच्या आईने, जिचा गर्भपाताच्या अधिकाराला पाठिंबा होता, त्यांच्या मसुद्यापासून स्वतःला दूर ठेवले. स्पेन्स यांच्या मसुद्यात वीस आठवड्यांच्या किंवा चारशे ग्रॅमच्या पुढचा गर्भ हा जबर दुखापतीच्या कलमांपुरता जिवंत व्यक्ती मानला जाईल असे म्हटले होते. खून किंवा मनुष्यवधाच्या कलमांना त्यांनी हात लावला नव्हता. वैद्यकीय प्रक्रिया, तसेच गर्भवती स्त्रीने स्वतः केलेले किंवा तिच्या संमतीने झालेले कृत्य यांना स्पष्ट अपवाद होता. पक्षांनी आपापल्या आमदारांना सदसद्विवेकबुद्धीनुसार मत देण्याची मोकळीक दिली आणि २१ नोव्हेंबर २०१३ रोजी विधेयक संमत झाले.

मग ते अडले कुठे? मसुद्यातले अपवाद वाचल्यावर विरोधकांची भीती अतिशयोक्त वाटू शकते. परंतु कायद्याचे एक कलम सुटे वाचून चालत नाही, शेजारची कलमेही पाहावी लागतात. त्या वेळी त्याच फौजदारी कायद्याच्या ८२ ते ८४ या कलमांत बेकायदा गर्भपात हा गुन्हा होता. 'बेकायदा' म्हणजे काय याची व्याख्या कायद्यात नव्हतीच. १९७१ मधल्या वॉल्ड खटल्यात एका जिल्हा न्यायाधीशाने जूरीला दिलेल्या मार्गदर्शनावर राज्यातल्या सगळ्या डॉक्टरांची भिस्त होती. इतक्या ठिसूळ पायावर उभ्या असलेल्या सेवेच्या शेजारी, त्याच कायद्यात, गर्भाला जिवंत व्यक्ती म्हणणारे वाक्य बसवले तर उद्या एखादे न्यायालय त्या वाक्याचा उपयोग शेजारच्या कलमाचा अर्थ लावताना करणार नाही, याची हमी कोण देणार? राज्याच्या बार असोसिएशनने आणि ऑस्ट्रेलियन मेडिकल असोसिएशनच्या राज्य शाखेने विधेयकाला विरोध केला, त्यामागचे मुख्य कारण हेच होते, आणि माझ्या दृष्टीने ते योग्य होते.

ही भीती काल्पनिक नव्हती हे अमेरिकेत दिसले. इंडियाना राज्यात हल्लेखोरांसाठी १९७९ साली भ्रूणवधाचा गुन्हा निर्माण केला गेला होता. २०१५ मध्ये त्याच कलमाखाली एका भारतीय वंशाच्या स्त्रीला, तिने स्वतःचा गर्भपात घडवल्याच्या आरोपावरून, दोषी ठरवले गेले; बाळाकडे दुर्लक्ष केल्याच्या दुसऱ्या आरोपासह तिला एकूण वीस वर्षांच्या कारावासाची शिक्षा झाली. पुढच्या वर्षी अपील न्यायालयाने भ्रूणवधाची दोषसिद्धी रद्द केली आणि स्त्रीने स्वतःच्या बाबतीत केलेल्या कृत्याला हे कलम लावण्याचा विधिमंडळाचा हेतू नव्हता असे सांगितले. तोवर ती तुरुंगात राहिली. जे कलम गर्भवती स्त्रियांच्या संरक्षणासाठी म्हणून आणले गेले होते, ते अशा स्त्रीविरुद्धच वापरले गेल्याचे हे उदाहरण प्रत्येक मसुदाकाराने समोर ठेवले पाहिजे.

न्यू साउथ वेल्सच्या वरिष्ठ सभागृहात छोट्या पक्षांचे संख्याबळ निर्णायक असते, आणि अशासकीय विधेयकाला तिथे वेळ मिळणे हे सरकारच्या इच्छेवर बरेच अवलंबून असते. सरकारने ना विधेयक स्वीकारले ना फेटाळले. २०१४ संपेपर्यंत ते कार्यक्रमपत्रिकेवर पडून राहिले आणि निवडणुकीपूर्वी आपोआप रद्द झाले. नाइल यांनी पुढे पुन्हा पुन्हा आपली विधेयके मांडली आणि ती पुढे सरकली नाहीत. सप्टेंबर २०१८ मध्ये पश्चिम सिडनीत मद्यपान केलेल्या चालकाने चुकीच्या बाजूने गाडी आणून दिलेल्या धडकेत जुळ्यांना जन्म देणार असलेली एक तरुणी मृत्युमुखी पडली. या घटनेने एक नवी त्रुटी समोर आली, जिच्याकडे आधीच्या चर्चेत फारसे लक्ष गेले नव्हते. माता जिवंत असेल तर गर्भहानी ही तिची जबर दुखापत ठरते. मातेचाच मृत्यू झाला तर त्या व्याख्येला आधारच राहत नाही, आणि बाळांच्या जाण्याची नोंद कोणत्याही आरोपात होत नाही.

कोंडी फुटली ती सप्टेंबर २०१९ मध्ये, आणि तीही वरवर पाहता वेगळ्याच कायद्याने. गर्भपात फौजदारी कायद्यातून काढून टाकणारा कायदा त्या महिन्यात संमत झाला. बावीस आठवड्यांपर्यंतचा गर्भपात हा आरोग्यसेवेचा विषय झाला आणि ८२ ते ८४ ही कलमे गेली. ज्या शेजारामुळे भीती होती तो शेजारच उरला नाही. दोन वर्षांनी अ‍ॅटर्नी जनरल मार्क स्पीकमन (तिथे हे पद मंत्र्याकडे असते) यांनी सरकारी विधेयक आणले, नोव्हेंबर २०२१ मध्ये ते संमत झाले आणि मार्च २०२२ पासून अमलात आले.

त्याची रचना लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. गर्भाला व्यक्ती म्हणणे त्यात टाळले आहे. स्त्रीला जबर दुखापत करण्याच्या गुन्ह्यात गर्भहानी झाली असेल तर मूळ गुन्ह्याच्या कमाल शिक्षेत तीन वर्षांची भर पडते. स्त्रीचा मृत्यू झाला असेल तर मनुष्यवधाच्या आरोपाबरोबर गर्भहानीचा वेगळा आरोप ठेवता येतो आणि त्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे. मर्यादा तीच, नोंदणी कायद्यातली, वीस आठवडे किंवा चारशे ग्रॅम. आणि ज्यासाठी झोईचे कुटुंब झगडत होते ते दोन बदल: दोषारोपात बाळाचे नाव लिहिता येते, आणि कुटुंबातल्या व्यक्तींना शिक्षेपूर्वी न्यायालयासमोर आपल्या हानीचे निवेदन करता येते.

हे दोन बदल २०१४ मध्ये का झाले नाहीत, याचे समाधानकारक उत्तर मला चर्चेच्या इतिवृत्तात सापडत नाही. दोषारोपाच्या नमुन्यात नाव घालणे आणि निवेदनाचा अधिकार वाढवणे यासाठी गर्भाला व्यक्तिमत्त्व बहाल करावे लागत नव्हते, आणि बार असोसिएशनचा मुख्य आक्षेपही त्यावर नव्हता. २००५ च्या व्याख्येला जोडून हे करता आले असते. मोठा वाद सुटेपर्यंत छोटी दुरुस्तीही अडवून ठेवायची ही सवय आपल्याही विधिमंडळांना आहे, आणि तिची किंमत नेहमी त्याच कुटुंबांना मोजावी लागते ज्यांच्या नावाने सभागृहात भाषणे होतात.

इतर देशांची तुलना थोडक्यात करतो. कॅलिफोर्नियात १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गर्भ हा मनुष्य नाही असा निकाल दिल्यावर विधिमंडळाने त्याच वर्षी खुनाच्या व्याख्येत गर्भाचा समावेश केला. कॅनडात उलट घडले. २००८ मध्ये असे एक अशासकीय विधेयक दुसऱ्या वाचनात १४७ विरुद्ध १३२ मतांनी पुढे गेले आणि संसद विसर्जित झाल्याने रद्द झाले. २०१६ मधले विधेयक २०९ विरुद्ध ७६ मतांनी फेटाळले गेले. घाईने केलेला कायदा चांगलाच निघतो किंवा उशिरा केलेला वाईटच निघतो, असा निष्कर्ष यातून काढता येत नाही.

आता भारताचे. आपल्याकडे या विषयावर १८६० पासून लेखी तरतूद आहे. भारतीय दंड विधानाच्या कलम २९९ च्या तिसऱ्या स्पष्टीकरणानुसार मातेच्या उदरात असलेल्या बालकाचा मृत्यू घडवणे हा मनुष्यवध नाही. मात्र बालकाचा कोणताही भाग बाहेर आलेला असेल तर, त्याने श्वास घेतलेला नसला तरी, तो सदोष मनुष्यवध होऊ शकतो. आणि कलम ३१६ म्हणते की, जे कृत्य स्त्रीच्या मृत्यूला कारण झाले असते तर सदोष मनुष्यवध ठरले असते, अशा कृत्याने पोटातल्या सजीव बालकाचा मृत्यू घडला तर दहा वर्षांपर्यंत कारावास. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ही कलमे अनुक्रमे १०० आणि ९२ झाली. आशय तोच राहिला.

व्यवहारात मात्र कलम ९२, पूर्वीचे ३१६, लावायचेच राहून जाते. पत्नीला जाळल्याच्या किंवा भोसकल्याच्या खटल्याचे कागद हाती येतात तेव्हा दोषारोपपत्रात खुनाचे कलम असते, छळाचे असते. पण शवविच्छेदन अहवालातल्या गर्भाशयाच्या रकान्यात डॉक्टरांनी लिहिलेली ओळ, की आत अमुक आठवड्यांचा मृत गर्भ आढळला, तिच्याकडे तपास अधिकाऱ्याचे लक्ष गेलेले नसते. अशा वेळी अभियोक्त्याने न्यायालयाकडे वाढीव आरोपाची मागणी केली पाहिजे. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे फौजदारी प्रक्रियेच्या नव्या कायद्याच्या, कलम २३९ खाली ती करता येते. पुरावा म्हणून गर्भाची लांबी, वजन आणि लिंगाची नोंद लागते, शेवटचा सोनोग्राफी अहवाल लागतो, आणि गावाकडच्या प्रकरणात पुष्कळदा आशा कार्यकर्तीकडची नोंदवही आणि माता-बाल संरक्षण कार्ड हाच सर्वांत भक्कम कागद ठरतो, कारण त्यात बाळाची हालचाल आणि ठोके तारखेनिशी लिहिलेले असतात. हा कागद तपासाच्या पहिल्या आठवड्यातच जप्त व्हायला हवा. तपास उशिरा तिथवर पोहोचला की कार्ड हरवलेले असते किंवा नातेवाईक ते द्यायला तयार नसतात.

झोईच्या प्रकरणासारखा अपघात पुण्यात किंवा नाशकात घडला तर काय? येथे आपला कायदा अपुरा पडतो. कलम ९२ ला सदोष मनुष्यवधाइतका हेतू किंवा जाणीव लागते. वांद्र्याच्या कार्टर रोडवर नोव्हेंबर २००६ मध्ये मद्यपी चालकाने पदपथावर झोपलेल्या सात मजुरांचा जीव घेतला, तेव्हा ती जाणीव सिद्ध झाली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये सदोष मनुष्यवधाची दोषसिद्धी कायम केली. पण बहुसंख्य अपघात हयगयीच्या कलमात, म्हणजे न्याय संहितेच्या १०६ मध्ये, जातात, आणि तिथे 'व्यक्तीचा मृत्यू' लागतो. स्त्री वाचली असेल तर उरते ते हयगयीने जबर दुखापत केल्याचे कलम १२५, कमाल तीन वर्षे. तेही सरळ लागू होत नाही, कारण कलम ११६ मधल्या जबर दुखापतीच्या आठ प्रकारांत गर्भहानीचा उल्लेख नाही. डोळा, कान, दात, हाड, चेहऱ्यावरचा कायमचा व्रण, इतकेच काय पुरुषत्व नष्ट करणे हा तर पहिलाच प्रकार. गर्भ गमावलेल्या स्त्रीला मात्र जिवाला धोका होता किंवा पंधरा दिवस तीव्र वेदना होत्या हे आठव्या प्रकाराखाली सिद्ध करावे लागते. ही यादी जुन्या दंड विधानातून न्याय संहितेत आणताना वीस दिवसांचे पंधरा दिवस करण्याचा बदल सुचला, गर्भहानीचा सुचला नाही. नुकसानभरपाईच्या दाव्यांत काही उच्च न्यायालयांनी गर्भातल्या बालकासाठी स्वतंत्र रक्कम मंजूर केली आहे, पण त्याने फौजदारी बाजू भरून निघत नाही.

आपल्याकडचा शेजारही विसरता येणार नाही. गर्भस्राव घडवण्याच्या कलमाच्या, आता ८८ च्या, स्पष्टीकरणात स्वतःचा गर्भस्राव घडवणारी स्त्रीसुद्धा गुन्हेगार धरलेली आहे. १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा आणि २०२१ ची त्यातली दुरुस्ती हे या गुन्ह्याला अपवाद म्हणून उभे आहेत. त्यामुळे गर्भाला व्यक्ती ठरवणारा मसुदा आपल्याकडे २०१३ च्या न्यू साउथ वेल्सइतकाच धोकादायक ठरेल. त्यांचा २००५ चा मार्ग मात्र आपल्याला आजच खुला आहे. कलम ११६ मध्ये नववा प्रकार म्हणून, वैद्यकीय प्रक्रिया आणि स्त्रीचे स्वतःचे किंवा तिच्या संमतीचे कृत्य वगळून, गर्भाचा नाश जोडावा. म्हणजे मारहाणीपासून अपघातापर्यंतची सगळी कलमे आपोआप लागू होतील. फौजदारी कायदा समवर्ती सूचीत असल्याने महाराष्ट्राचे विधिमंडळही अशी दुरुस्ती करू शकते, परंतु तिला राष्ट्रपतींची संमती लागते, आणि डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांनी संमत केलेले, महिला व बालकांवरील अत्याचारांविरुद्धचे शक्ती विधेयक त्याच संमतीअभावी अमलात आले नाही. म्हणून वाचकांपैकी कोणाला आपल्या लोकप्रतिनिधीकडे हा विषय न्यायचा असेल तर आमदारापेक्षा खासदाराकडे न्यावा, आणि मागणी वेगळ्या कायद्याची न करता कलम ११६ मधल्या या एका खंडाची करावी.